संध्याकाळी मिटणारी सावली

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर दोन्ही कडेच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या, की तो बहुधा वर्षावृक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘रेन ट्री’. इथे तो पार मुरलाय, पण मूळचा मध्य अमेरिकेचा आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागाचा. एकोणिसाव्या शतकात तो आशियात आला आणि सावलीसाठी रस्तोरस्ती लागला. त्याचा पसारा उंचीपेक्षा मोठा. १८०० साली व्हेनेझुएलात निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टनं पाहिलेल्या झाडाच्या माथ्याचा घेर ५७६ फूट भरला होता.

खरी करामत पानांची. भरदुपारी पर्णिका आडव्या पसरून ऊन अडवतात. दिवस कलला, की जोडीजोडीनं मिटतात. आभाळ भरून आलं तरी तेच. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी इवलीशी फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी ओसरतं, दुसऱ्या बाजूच्या फुगतात आणि पर्णिका बिजागरीसारखी वळते. मिटल्या पानांमधून पाऊस थेट खाली उतरतो, म्हणून झाडाखालचं गवतही तग धरतं. कोरड्या दिवसांत अंगावर पडणारे थेंब मात्र पावसाचे नव्हेत. रस शोषणाऱ्या किड्यांनी टाकलेलं ते पाणी.

उन्हाळ्यात खाली पडलेला फुलांचा झुपका उचलून पाहा. पाकळ्या नावापुरत्या; सगळी शोभा केसरांची, टोकाला गुलाबी, बुडाशी पांढरी. नंतर धरणाऱ्या काळपट, चिकट शेंगा गोड असतात. गुरं त्या आवडीनं खातात आणि बिया शेणातून दूरवर रुजतात. फिजीसारख्या बेटांवर तो असाच माजला.

आपल्याकडे मात्र त्याच्या जिवावर बेतलंय. गेल्या दशकात मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावानं कितीतरी वर्षावृक्ष वाळले. सगळा दोष किडीचा नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडलं, की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. त्यात केबलसाठी खोदताना तीच तुटतात. अशा खंगलेल्या झाडावर कीड चटकन हावी होते.

परदेशी म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड चालवण्यात शहाणपण नाही. जुन्या झाडाची सावली नवं रोप चार पावसाळ्यांत देत नसतं. अरुंद पदपथावर नवा लावू नये, हेही खरं. तिथे आटोपशीर देशी झाड बरं. उभ्या झाडांसाठी उपाय साधा आहे. बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीबाबत दिला होता. एवढ्या माथ्याला मीटरभर माती म्हणजे किमान हप्ता. आपण तोही थकवलाय.