पंचनाम्यात न मावणारं नुकसान

लोहारा नावाच्या गावांपैकी ही दोन. एक यवतमाळ शहराला लागून, एमआयडीसीचं. दुसरं धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आपत्तीनंतर माणसाच्या मनाची काळजी आपण कशी घेत आलो, हे या दोन मुलखांनी जवळून पाहिलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३.५६ला धाराशिवच्या लोहाऱ्याजवळचा किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने हादरला. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. धान्य आलं, पत्र्याची शेड उभी राहिली, नवी गावं वसली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिकायला पुण्याला नेलं. भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यासही झाला. पण घर बांधून देणारी यंत्रणा होती तशी, वर्षानुवर्षं विचारपूस करणारी यंत्रणा गावात उभी राहिली नाही.

यवतमाळची आपत्ती एका रात्रीत येत नाही. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते, बोंडअळी येते, कर्ज थकतं. २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. त्याचा भर सिंचन आणि कर्ज यांवर होता. मन खचलेल्या शेतकऱ्याशी बोलायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला.

२००९मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१५मध्ये राज्याने बळीराजा चेतना अभियानासाठी उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि यवतमाळ हेच दोन जिल्हे निवडले. त्याच वर्षी आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, घरोघरी विचारू लागल्या: झोप लागते का? जेवण जातं का? अशा विचारण्याने काय साधतं, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने दाखवलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. २०२२पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

जुलै २०२३मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुराने थैमान घातलं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्यांना बचाव पथकाने सुखरूप काढलं. ते मोठंच काम. पण खरडून गेलेल्या जमिनीचा घोर पाणी ओसरल्यावर सुरू होतो आणि कर्जफेडीच्या तारखेला सर्वांत जड होतो. म्हणून पंचनाम्याच्या यादीतल्या प्रत्येक घरी पुढचा हंगाम हाती येईपर्यंत आशाताईने जात राहावं. त्यासाठी तिला प्रशिक्षण, वेळेवर मोबदला आणि तालुक्याला समुपदेशक मिळायला हवा. तीस वर्षांच्या अनुभवानंतर एवढं तरी शासनाने नियमात लिहून द्यावं.