शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

हाटकेश उद्योगनगरातला एखादा कामगार शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला, की त्याची बायको आम्हांला विचारते, "दादा, वाचतील ना हे?" युनियनचे काम करणाऱ्याजवळ याचे उत्तर कोठून असणार? तरी आम्ही वाचू लागलो, आणि मंडळी, धागा निघाला तो थेट विदर्भात.

यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली एक सोपा हिशेब मांडला. शस्त्रक्रिया चालू असता रक्त किती गेले, रक्तदाब किती खाली उतरला आणि नाडीचा सर्वांत कमी वेग किती होता, एवढेच पाहावयाचे. एकूण गुण दहा. डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ साली नवजात बालकांसाठी असेच गुण सुचविले होते, त्यांचे नावही याला दिले आहे. तपासलेल्या ७६७ रुग्णांत चार वा कमी गुणांचे २९ होते. पैकी १७ जणांना महिन्याभरात गंभीर गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला. नऊ-दहा गुणांच्या २२० जणांत असे आठच.

हे भविष्य नव्हे. त्या २९ पैकी १२ सुटलेच, आणि ते कोणते हे आकडा सांगत नाही. आज रात्री कोणत्या खाटेवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावयाचा, एवढेच तो सांगतो. बोनसची बोलणी आम्ही आकड्यांवरच करतो, मग येथे संकोच कसला? त्या बाईला आम्ही आता म्हणतो, "ताई, डॉक्टरांना विचारा, रक्त किती गेले, दाब किती उतरला, आणि रात्री जवळ कोण आहे?"