साच्यातून घडणारी गाळणी

श्रावण लागला की आमच्या सिंधुदुर्गात गावोगावच्या गणपतीच्या शाळा गजबजू लागतात. ओल्या मातीचा वास, रंगांच्या वाट्या आणि दाराशी पोरांची ही दाटी! त्या गर्दीत कोपऱ्यातल्या साच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मूळ मूर्तीवरून साचा घेतला की सोंडेच्या उंचवट्याचा साच्यात खळगा होतो. त्या खळग्यात माती दाबली की पुन्हा सोंड उभी राहते. शास्त्रज्ञांनी नेमकी हीच युक्ती एका निराळ्याच कामी लावली आहे. भोके असलेल्या एका पातळ पडद्याचा साचा घ्यायचा आणि त्यावरून तशाच भोकांचा दुसरा पडदा घडवायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. पाणी तर आपण पिढ्यान्‌पिढ्या फडक्यातून गाळत आलो आहोत. आणि त्या फडक्याला हसण्याचे कारण नाही बरे! बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीची चौपदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००३ साली प्रसिद्ध केले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव फडक्यात अडकतात, हे त्यातले इंगित. पण सुटा जंतू फडक्यातून खुशाल निसटतो. त्याची जाडी सुमारे ५०० नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरात नॅनोमीटर भरतात तब्बल दहा लाख! दूषित पाण्यातून कावीळ पसरवणारा विषाणू तर अवघा ३० नॅनोमीटरच्या आसपास.

म्हणजे भोके बारीक हवीत. पण तेवढ्याने भागत नाही. ती एकसारखीही हवीत. रव्याच्या चाळणीला एक जरी मोठे भोक पडले तरी खडा खाली जातोच! नेहमीच्या पडद्यांत भोके लहानमोठी पडतात. तेव्हा सारख्या मापाची भोके असलेला पडदा शोधायला हवा.

असा पडदा ॲल्युमिनियम आपण होऊन घडवतो. हा धातू आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की त्याच्यावर ऑक्साइडचा कठीण थर चढतो. आपल्या स्वयंपाकघरातली काळपट, टणक कढई अशाच क्रियेतून निघते. विशिष्ट आम्ल आणि विशिष्ट वीजदाब साधला तर या थरात मधमाशांच्या पोळ्यासारखी नळीदार भोके ओळीने पडतात. ऑक्झॅलिक आम्ल आणि ४० व्होल्ट घेतले, तर दोन भोकांमधले अंतर सुमारे १०० नॅनोमीटर येते.

टोकियोचे मासुदा आणि फुकुदा यांनी १९९५ साली या पोळ्याला मूळ मूर्ती मानले. त्याच्या भोकांत ॲक्रिलिकचा द्रव भरून तो घट्ट केला आणि ऑक्साइड अल्कलीत विरघळवून टाकला. उरले काय? ब्रशच्या केसांसारखे उभे ॲक्रिलिकचे खांब. हा झाला साचा. मग खांबांच्या मधल्या जागेत सोने किंवा प्लॅटिनम बसवले आणि ॲसिटोनने खांब विरघळवले. खांबांच्या जागी भोके राहिली. ऑक्साइडच्या पोळ्याची हुबेहूब धातूची प्रत तयार! भोके सुमारे ७० नॅनोमीटरची. पटकीचा जंतू अडेल, काविळीचा विषाणू मात्र निसटेल.

त्याहून बारीक भोकांसाठी अमेरिकेत चार्ल्स मार्टिन यांच्या प्रयोगशाळेने दुसरी वाट काढली. जुना पडदा विरघळवायचाच नाही. त्याच्या भोकांना आतून सोन्याची कल्हई करायची! प्लॅस्टिकच्या पडद्यातील ३० नॅनोमीटरची भोके अशी आवळत त्यांनी एका नॅनोमीटरच्याही आत आणली, आणि लहान रेणू पलीकडे जातो, मोठा अलीकडे राहतो, हे १९९७ साली दाखवून दिले.

मालवणात आमच्या काकींना ही हकीकत सांगत होतो. त्यांनी हातातला विळा बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न केला, “मगे ह्येतून खारा पाणी गोडा होतला काय रे?”

प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाचा होता. समोर कुरटे बेटावर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पण ते भाग्य साऱ्यांचे नाही. किनाऱ्यालगत उपसा फार झाला की जमिनीखालून खारे पाणी सरकत येते. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे कण इतके सूक्ष्म की ७० नॅनोमीटरचे भोक म्हणजे त्यांना वेशीचा दरवाजाच! त्यांना अडवायला आर. ओ. यंत्रातला, जवळजवळ बिनभोकाचा पडदा आणि भरपूर दाब लागतो. काकींना तसे सांगितले. “मगे जंतू तरी अडतले मां?” त्या म्हणाल्या. तेवढे खरे.

मग हा पडदा घरोघरी का नाही? सोन्याची किंमत हे कारण उघडच आहे; पण खरी अडचण साच्याची आहे. गणपतीच्या शाळेतला साचा कितीतरी मूर्ती देतो आणि पुढच्या वर्षासाठी फळीवर जाऊन बसतो. इथे मात्र एका प्रतीपायी मूळ पडदाही विरघळतो आणि साचाही. प्रत्येक वेळी पहिल्यापासून आरंभ! असा पडदा स्वस्त कसा व्हावा?

यावरही उपाय शोधणे चालू आहे. १९९७ साली मासुदा यांनीच सिलिकॉन कार्बाइडचा, बारीक टेंगळांचा कठीण ठसा ॲल्युमिनियमवर दाबला. जिथे खळगा पडला तिथूनच भोक सुरू झाले. हा ठसा विरघळवावा लागत नाही, पुन्हा वापरता येतो. गाळणीचा साराच साचा असा पुन्हापुन्हा उपयोगी पडू लागला, तर ती प्रयोगशाळेतून आपल्या माठापर्यंत यायला हरकत नसावी. तोवर आजीचे चौपदरी फडके धुऊन उन्हात वाळवावे, आणि गाळलेले पाणी उकळून प्यावे, हे उत्तम!