रेनफ्रूचे ‘मिलियनेअर्स’, हंगाम १९१०

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं रेनफ्रू हे लोणी-दुधाच्या धंद्यावर चालणारं छोटं गाव. म्हणून आइस हॉकी संघाचं नाव ‘क्रीमरी किंग्ज’. लोकांनी मात्र ‘मिलियनेअर्स’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं.

पैसा होता ओब्रायन घराण्याचा, खाणी आणि रेल्वेच्या कंत्राटांतून आलेला. जुन्या लीगने रेनफ्रूसाठी दार लावून घेतलं, तेव्हा अ‍ॅम्ब्रोझ ओब्रायन यांनी डिसेंबर १९०९मध्ये नॅशनल हॉकी असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. हट्टाला खिशाचीही साथ होती!

मग नामवंत खेळाडू आणले. ‘सायक्लोन’ टेलरला अवघ्या १२ सामन्यांसाठी सुमारे ५,२५० डॉलर मिळाल्याचं सांगतात. लेस्टर आणि फ्रँक हे पॅट्रिक बंधूही आले. तेव्हा एका बाजूला सात खेळाडू असत आणि सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा.

भर हंगामात न्यूझी लालोंद मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन्सकडून आला. दोन्ही संघांकडून मिळून त्याने ३८ गोल केले. त्यांतले ९ कोबाल्ट संघाविरुद्धच्या एकाच सामन्यात.

इतकं करून रेनफ्रू तिसरं. स्टॅन्ले कप मॉन्ट्रियल वाँडरर्सकडे गेला. पुढच्याच हंगामानंतर संघ मोडला.