आधारचा बारावा अंक काय करतो?

नीट बनवलेल्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचे दोन शेजारचे अंक उलटे टाकून बघा. ‘सबमिट’ दाबायच्या आधीच लाल अक्षरं येतील. नेट बंद असलं तरी! कारण ही तपासणी सर्व्हर करत नाही, तुमच्याच ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट करतं.

आधारचे पहिले ११ अंक ठरले की बारावा त्यांच्यावरून गणिताने काढतात. डच गणितज्ञ व्हरहूफ यांची १९६९ची ही पद्धत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले, तर हिशेब हमखास फसतो. पॅनला नुसता साचा बघतात: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर.

मराठी कीबोर्डवाल्यांची गंमत वेगळीच. जावास्क्रिप्टच्या ‘अंक’ या खुणेत फक्त इंग्रजी आकडे बसतात. पिनकोड ४११०३० असा देवनागरीत लिहिला की फॉर्म म्हणतो, “फक्त अंक टाका.” अहो, मग हे काय आहेत? हा शुद्ध आळस. आकडे बदलून घ्यायला दोन ओळींचा कोड पुरतो.

आणि हो, जावास्क्रिप्ट कुणीही बंद करू शकतं. फॉर्म बनवत असाल तर हेच सगळे नियम सर्व्हरवरही पुन्हा लावा.