प्रकल्पाच्या दप्तरात बाहेरची माणसे

गावच्या नळपाणी योजनेचे काम आज एकट्या ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या हातून होत नाही. आराखडा सल्लागार संस्था तयार करते, जलवाहिनी ठेकेदार टाकतो, गुणवत्ता त्रयस्थ संस्था तपासते आणि देयकावर स्वाक्षरी होते ती शासकीय अभियंत्याची. पूर्वी या सर्वांची गाठ कार्यालयातील एका टेबलाभोवती पडे. मोजमाप पुस्तिका कोणाच्या हाती द्यावयाची, हे शाखा अभियंता समोरचा माणूस पाहून ठरवीत असे. आता ही पुस्तिका, नकाशे व कामाची छायाचित्रे प्रकल्प व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत जाऊ लागली आहेत, आणि प्रणालीला माणूस दिसत नाही. तिच्यासमोर असतो तो केवळ एक नाव व परवलीचा शब्द. तो शब्द ज्याच्या हाती, तोच तिच्या दृष्टीने अधिकारी!

आपल्या कर्मचाऱ्यांची ओळख कार्यालयाला असते. बाहेरच्या संस्थेतील माणूस कोण, तो अजून त्या संस्थेत आहे की सोडून गेला, हे कार्यालयाला ठाऊक नसते. अडचण येथेच आहे.

या अडचणीचे मोल किती होऊ शकते, हे अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीच्या अनुभवावरून दिसून आले. २०१३ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत तिच्या ग्राहकांच्या सुमारे ४ कोटी बँक कार्डांची माहिती चोरीस गेली. सुमारे ७ कोटी ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांसारखा तपशीलही चोरांच्या हाती लागला. चोर शिरले ते मात्र मुख्य दाराने नव्हे. दुकानांतील शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका ठेकेदार संस्थेला देयके पाठविणे, करारपत्रे सादर करणे व प्रकल्प व्यवस्थापन एवढ्यापुरता प्रवेश देण्यात आला होता. त्या संस्थेचा परवलीचा शब्द चोरांनी मिळविला आणि तेथून ते आतल्या जाळ्यात, शेवटी दुकानांतील पैसे घेण्याच्या यंत्रांपर्यंत पोहोचले. किल्ली एका लहान खोलीची होती. खोलीचे आतले दार उघडे होते. मे २०१४ मध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत. ‘हा कोण आहे?’ हा पहिला, म्हणजे ओळखीची पडताळणी. ‘याला काय करू द्यावयाचे?’ हा दुसरा, म्हणजे अधिकार. पहिल्याचे उत्तर बरोबर मिळाले तरी दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही. ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाने छायाचित्रे चढवावीत, मोजमाप नोंदवावे. ते मंजूर करण्याची सोय त्याच्या पडद्यावर मुळी दिसूच नये.

एक संस्था, एक खाते : घातक सोय

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एका साध्या सवयीत असते. संस्थेच्या नावे एकच खाते उघडले जाते, परवलीचा शब्द पाच-सहा जणांना सांगितला जातो आणि तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला जातो. पुढे जलवाहिनीची लांबी जास्त दाखविल्याचे आढळले, तर नोंद कोणी केली हे प्रणाली सांगू शकत नाही. तिच्या दप्तरी असते केवळ संस्थेचे नाव, आणि चौकशी तेथेच थांबते. म्हणून खाते संस्थेचे नव्हे, माणसाचे असावे. दहा खाती उघडण्याचा त्रास होतो हे खरे. पण लेखापरीक्षणाच्या वेळी होणारा त्रास त्याहून मोठा असतो.

दाखल्याची पद्धत

भागीदार संस्था मोठी असेल, तर याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. मूल एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावी जाते, तेव्हा नवे मुख्याध्यापक त्याची जन्मतारीख नव्याने शोधीत बसत नाहीत. पहिल्या शाळेचा दाखला, शिक्का व स्वाक्षरी पाहून ते प्रवेश देतात. संगणकातही तसेच करता येते. सल्लागार संस्थेचा अभियंता प्रणालीच्या दारात आला की प्रणाली त्याला त्याच्या स्वतःच्या संस्थेकडे पाठविते. तेथे त्याची पडताळणी होते आणि संस्था अल्पकाळ टिकणारा, स्वाक्षरीत दाखला देते. तो पाहून प्रणाली दार उघडते. या देवघेवीचे ‘सॅमल २.०’ (२००५) व ‘ओपनआयडी कनेक्ट’ (२०१४) असे दोन जगन्मान्य संकेत आहेत.

परवलीचा शब्द त्या संस्थेबाहेर जातच नाही, हा एक लाभ. दुसरा अधिक मोलाचा : माणूस नोकरी सोडून गेला की त्याची संस्था त्याचे खाते बंद करते, आणि त्याला पुढचा दाखला मिळत नाही. अर्थात, जी संस्था स्वतःच ढिसाळ आहे तिचा दाखला मानू नये. तीन माणसांच्या ठेकेदाराकडे अशी व्यवस्था नसते. त्याच्या माणसांची खाती कार्यालयानेच उघडावी लागतात.

दोन्ही मार्गांत दुसरा पुरावा हवाच. मोबाईलवर येणारा ओटीपी सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु डोंगराळ भागात संदेश वेळेवर पोहोचत नाही, आणि फसवणुकीने दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिमकार्ड काढून घेण्याचे प्रकारही घडतात. मोबाईलमधील ॲपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा अंक त्यापेक्षा बरा. तो आधीच साठविलेले गुपित व घड्याळ यांवरून तयार होत असल्याने त्याला जाळ्याची गरज नसते. घड्याळ तेवढे बरोबर असावे लागते.

ग्रामपंचायतींना हा दुहेरी पुरावा नवा नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीत ऑनलाईन रक्कम अदा करताना एकाने प्रस्ताव करावयाचा व दुसऱ्याने मान्यता द्यावयाची, आणि दोघांनी आपापली डिजिटल स्वाक्षरी वापरावयाची, अशी रचना आहे. हाती असलेले टोकन हा एक पुरावा, त्याचा पिन हा दुसरा. सरपंचांचे टोकन व पिन दोन्ही संगणक चालकाच्या खणात राहिले, तर दोन माणसांची ही तपासणी एकाच माणसाची होऊन बसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी दक्षता घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे.

खाते उघडताना सर्वांचे लक्ष असते. बंद करताना कोणाचेच नसते. यास्तव कार्यारंभ आदेशाबरोबर खाते उघडतानाच त्यावर अखेरची तारीख घालावी आणि मुदतवाढ मिळाली तरच ती पुढे न्यावी. दोषदायित्वाच्या काळात ठेकेदाराला तक्रारी पाहण्यापुरता प्रवेश ठेवावा, मोजमाप लिहिण्याचा काढून घ्यावा. माणूस बदलल्यास त्याच दिवशी कळविण्याची अट करारातच असावी. शिवाय दर तिमाहीस चालू खात्यांची यादी भागीदार संस्थेकडे स्वाक्षरीसाठी पाठवावी, आणि ज्या नावापुढे स्वाक्षरी येणार नाही ते खाते यादी परत येईल त्या दिवशीच बंद करावे.