आपल्याकडील पानगळ

इंग्रजी क्रमिक पुस्तकांमुळें आपणां पुष्कळांच्या मनांत एक चित्र बसलेलें असतें : शरद ऋतु आला कीं पानें पिवळीं-तांबडीं होतात आणि गळून पडतात. तें चित्र खोटें नाहीं. पण तें आपल्या देशाचें नव्हे. आपल्या शरदांत, म्हणजे आश्विन-कार्तिकांत, झाडें हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरांतली, माघ-फाल्गुनांतली. थंड देशांत थंडी येतांना पानें गळतात; येथें नाशिकजवळ, एकलहऱ्याच्या शिवारांत, थंडी जातांना गळतात. असें कां व्हावें?

पान हें झाडाचें स्वयंपाकघर होय. त्यांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडतें, आणि हवेंतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनीं धाडलेलें पाणी यांची साखर बनते. हवा आंत घेण्यासाठीं पानास सूक्ष्म छिद्रें असतात. पण त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनीं ओढलेल्या पाण्याचा फारच थोडा अंश झाडाच्या अंगीं लागतो, बाकीचें उडून जातें. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. उरलेले ८ महिने जमिनींतील ओलीवर काढावयाचे. माघ लागेपर्यंत वरच्या थरांतील ओल आटते, हवा कोरडी होते. तेव्हां झाड खर्चाचें दारच बंद करतें. थंड देशांत अडचण निराळी. तेथें दिवस लहान होत जातो, ऊन मंदावतें आणि पुढें जमीन गोठली म्हणजे मुळांना पाणी ओढतां येत नाहीं. तेथील झाडास मुख्य सूचना मिळते ती आंखूड होणाऱ्या दिवसाची. आपल्या झाडास ती बहुतांशीं कोरडीची.

याचा पुरावा नाशिक जिल्ह्यांतच आहे. बागलाण-मालेगांवकडील डाळिंबाचा बागाईतदार बहार धरण्यापूर्वीं बागेचें पाणी तोडतो. यास तो ‘ताण देणें’ म्हणतो. ताण बसला कीं झाड पानें टाकूं लागतें. मग पाणी सोडलें म्हणजे पालवी आणि फूल येतें. बागाईतदार आपल्या सोयीनें शिशिर घडवून आणतो, तो पाणी तोडून.

गळण्यापूर्वीं झाड पानांतील मोलाचा ऐवज परत घेतें. हरितद्रव्य मोडतें, आणि नत्र, स्फुरद हीं द्रव्यें फांदींत व खोडांत जातात. हिरवा रंग गेला म्हणजे पानांत मुळांतच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र बहुधा त्या वेळीं नव्यानें तयार होतो. कंपाउंडांतील देशी बदामाचीं लाल पानें आपण पाहिलींच असतील.

पुढें देठाच्या बुडाशीं असलेला पेशींचा पातळ थर कामास लागतो. पान तरुण असतें तोंवर त्यांतून ऑक्सिन नांवाचें द्रव्य फांदीकडे वाहतें व जोड टिकतो. तो प्रवाह आटला कीं इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, पेशींच्या भिंती विरतात, आणि वाऱ्याची झुळूक पुरेशी होते. व्रणावर बुचासारखा थर धरतो. ताण दिलेल्या डाळिंबावर उरलीं-सुरलीं पानें पाडण्यासाठीं इथेफॉन फवारतात, त्यापासून हाच वायु सुटतो.

सारांश, पानगळ हें मरण नव्हे. तें जिवंत झाडाचें काम आहे. मोडलेल्या फांदीचीं पानें वाळतात, पण सहसा गळत नाहींत. कारण तेथें काम करणारें कोणी उरलेलें नसतें. म्हणून फाल्गुनांत उघडें दिसणारें झाड वाळलें असें समजून त्यास कुऱ्हाड लावूं नये. डहाळीची साल नखानें किंचित् खरडून पाहावी. आंत हिरवें दिसलें तर तें विश्रांति घेत आहे. साग पावसापर्यंत उघडा राहतो. पळस आणि सांवर त्याच अवस्थेंत फुलतात. पिंपळ व कडुनिंब मात्र पावसाची वाट पाहत नाहींत : जुनीं पानें गेलीं कीं खोल मुळांचें पाणी खोडांत सांठतें आणि त्यावर पालवी फुटते. गुढीपाडव्यास आपण खातों तो कोंवळा निंब त्या सांठ्यांतला.

आतां खालीं पडलेल्या पानांविषयीं. एकलहऱ्याचें औष्णिक वीजकेंद्र दगडी कोळशावर उभारलें गेलें. विदर्भांतील खाणींत सांपडणारा असा कोळसा गोंडवन काळांतील, सुमारें २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा. ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या झाडाचीं जिभेच्या आकाराचीं पानें त्या काळच्या खडकांत थरावर थर आढळतात. त्यावरून तें झाडही ऋतुमानानें पानें टाकीत असावें असें शास्त्रज्ञ मानतात. आपल्या घरांतील दिव्यांत त्या प्राचीन पानगळीचा वाटा आहे.

आणि अंगणांतील पानगळ मात्र आपण काडी लावून धुरांत घालवितों! उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादानें २०१६ सालीं बंदी केली, तिचें कारण तो धूर. पण धुराइतकीच हानि मातीची होते. तींच पानें झाडाच्या बुडाशीं पसरलीं तर उन्हाळ्यांत ओल टिकते, आणि पावसांत कुजून त्यांतील द्रव्यें मुळांस परत मिळतात. झाडानें पानें टाकलीं तीं पाणी वांचविण्यासाठीं. तीं त्याच्या पायाशीं राहूं दिलीं, तर तेंच काम तीं पुढेंही करीत राहतील.